इस्तंबूलला 11 तासांचा लेओव्हर आहे, सोबत आई (वय 69). बाहेर पडू की विमानतळावरच बसू?

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी. सध्या भावाकडे अमेरिकेत आहोत, आई आणि मी, पुढच्या महिन्यात परत निघू. परत येताना इस्तंबूलला सकाळी 7:10 ला उतरतोय आणि पुढचं विमान संध्याकाळी 6:30 ला, म्हणजे 11 तास 20 मिनिटं मध्ये मोकळी. इकडे येताना दीडच तास होता, नुसते पळालो. तेव्हा आईने काचेतून बाहेर बघून विचारलं "हेच का गं इस्तंबूल?" आणि बाहेर काय तर धावपट्टी आणि तिच्या पलीकडे गवत. तेव्हापासून डोक्यात बसलंय की परत येताना तिला जरा तरी शहर दाखवायचं.

आता प्रश्न. एक, व्हिसाचं काय? दोघींचे भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा दोघींचा चालू आहे. दोन, आई चालते पण गुडघे कुरकुरतात, जिने नको वाटतात, आणि रात्रभर विमानात ती झोपत नाही हे मला पक्कं माहीत आहे. तीन, दिवस मंगळवार आहे, काही बंद असतं का? माझी यादी अशी: आयासोफ्या (जुनं चर्च, आता मशीद), ब्लू मॉस्क, टोपकापी राजवाडा, ग्रँड बझार, गलाता टॉवर, बोस्फरसची बोट. हसू नका.

नकाशावाला

हसलो, सॉरी. तीन वर्षं तिथे नोकरीला होतो आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस हीच यादी घेऊन यायचा, आणि त्यांच्याकडे 11 तास नाही तर चार दिवस असायचे, तरी पुरायचे नाहीत.

आधी तुमचे 11 तास उलटे मोजू. 6:30 चं विमान, तुम्ही टर्मिनलच्या दारात 4 वाजता असायला हवं. लवकर वाटेल पण तिथे दारातच एकदा बॅगा स्कॅन होतात, मग पासपोर्ट, मग परत सिक्युरिटी, आणि त्यानंतर गेटपर्यंतचं चालणं, जे आईंसोबत अर्धा तास धरा कारण तो विमानतळ म्हणजे एक गावच आहे. 4 ला दारात म्हणजे शहरातून अडीचला निघायचं. आता सकाळची बाजू. 7:10 ला चाकं टेकली तरी चालत चालत पासपोर्टच्या रांगेत, मग बाहेर, मग बॅग ठेवायची, साडेआठ सहज. शहरात पाऊल पडेपर्यंत पावणेदहा-दहा. म्हणजे तुमच्या हातात 10 ते 2:30, साडेचार तास. 11 तास विसरून जा, प्लॅन या साडेचारचा करा.

मंगळवारी टोपकापी बंद असतो, म्हणजे एक डोकेदुखी आपोआप गेली. गलाता टॉवर काढून टाका, रांग आणि चढ. ग्रँड बझार मंगळवारी उघडा असतो (तो रविवारी बंद) पण चार हजारांच्या आसपास दुकानं आणि साठेक गल्ल्या, आत शिरलात की दोन तास कुठे गेले कळत नाही, आणि घ्यायचं तर काहीच नसतं. उरलं काय? सुलतानअहमतचं मैदान (आयासोफ्या आणि ब्लू मॉस्क तिथेच), तिथली कुठलीही एकच इमारत आतून, मग ट्रामने एमिनोनूचा धक्का आणि बोट. बास.

व्हिसा: अमेरिकेचा, इंग्लंडचा, आयर्लंडचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) चालू व्हिसा असला की भारतीयांना तुर्कीचा ई-व्हिसा मिळतो, तुर्कीत शिरायच्या दिवशी तो व्हॅलिड असला पाहिजे एवढंच. अर्ज सरकारी साइटवरच करा, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट असतात आणि त्या वर जास्तीचे पैसे लावतात. प्रिंट काढून ठेवा. आणि हो, उतरल्यावर 'ट्रान्सफर'च्या बाणाच्या मागे जाऊ नका, सगळे तिकडे जातात म्हणून आपणही जातो. तुम्हाला पासपोर्ट कंट्रोलकडे जायचंय. आईंसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर ते लोक सवयीने सरळ पुढच्या गेटला नेऊन सोडतील, तेव्हा विमानातून उतरतानाच सांगा की आम्हाला बाहेर जायचंय.

घरकोंबडा

विरोधी मत मांडतो, शिव्या घालू नका. नका जाऊ.

माझा तिथला लेओव्हर नऊ तासांचा होता, मी बायकोला म्हणालो चल दोन तासांत बघून येऊ. गेलो, मजा आली, येताना पाऊस लागला आणि त्या शहराचं ट्रॅफिक पावसात जे करतं ते केलं. टॅक्सीत बसून मी पाऊण तास समोरच्या ट्रकची एकच नंबर प्लेट बघत होतो, ती आजही पाठ आहे. विमानतळाच्या दारात पोचलो तेव्हा उड्डाणाला 50 मिनिटं होती आणि काउंटर बंद. त्यात माझी तिकिटं दोन वेगळी काढलेली, स्वस्त पडली म्हणून, त्यामुळे पुढचं तिकीट गेलं ते गेलंच. बायको अजूनही 'दोन तासांत बघून येऊ' हे वाक्य माझ्याविरुद्ध वापरते.

69 वर्षांची आई, रात्रभराचं जागरण, गुडघे. विमानतळाच्या आतच हॉटेल आहे, एक बाजू पासपोर्टच्या आत आणि एक बाहेर. तासांच्या हिशोबाने खोली मिळते. झोपा, आंघोळ करा, शांतपणे विमानात बसा. इस्तंबूल कुठे जात नाही, अडीच हजारांहून जास्त वर्षं तिथेच आहे.

खिडकीची_सीट

नकाशावाला, उलटं मोजायचं सुचलंच नव्हतं, धन्यवाद! टोपकापी गेला म्हणून थोडं वाईट वाटलं पण ठीक.

घरकोंबडा दादा, तुमची ट्रकची नंबर प्लेट वाचून पोटात गोळा आला. आमची दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत आणि मोठ्या बॅगा थेट घरापर्यंत टॅग होतील, हातात फक्त दोन केबिन बॅगा. आईला विचारलं, हॉटेलात झोपशील का? तर म्हणाली "झोपायला तिथे कशाला, घरी जाऊन झोपेन की." म्हणजे निर्णय तिनेच दिला.

फुकटफौजदार

कुणीच कसं सांगितलं नाही अजून? टर्किश एअरलाइन्सचं तिकीट असेल आणि दोन आंतरराष्ट्रीय विमानांमध्ये 6 ते 24 तास असतील तर ते स्वतःच शहराची टूर देतात, फुकट. बस, गाइड, खाणं सगळं. अरायव्हल्सला बाहेर आलं की त्यांचा डेस्क असतो, तिथे नाव द्यायचं. दिवसभरात वेगवेगळ्या वेळांच्या टूर असतात, तुमच्या वेळेला सकाळी निघून दुपारी परत आणणारी बसेल, फक्त निघायच्या आधी त्यांच्या साइटवर त्या दिवसांच्या वेळा बघून घ्या. व्हिसा मात्र आपला आपण, तो फुकट नाही. (नाहीतर मी वर्षातून चारदा गेलो असतो.)

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे परत वेळेवर आणायची जबाबदारी त्यांची. घरकोंबड्यांसारखं होत नाही.

भटकी_मैना

मी केलीये ही टूर, सासू-सासऱ्यांना घेऊन, म्हणून सांगते. चांगली आहे, फुकट आहे, खोट काढायला जागा नाही, पण ती गाइडच्या वेगाने चालते, तीसेक माणसं आणि पुढे एक झेंडा, आणि सासूबाईंना वॉशरूमला जायचं होतं तेव्हा अख्खा ग्रुप थांबला आणि त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की नंतर त्यांनी पाणीच पिणं बंद केलं. तरुण असाल, एकटे असाल, तर डोळे मिटून टूर घ्या. आईंसोबत असाल तर स्वतःचं स्वतः जा, दमलं की बसा, वाटलं तर परत फिरा.

आता गुडघ्यांच्या नजरेतून सुलतानअहमत.

आयासोफ्या: 2024 च्या सुरुवातीपासून परदेशी पर्यटकांना खालच्या प्रार्थनेच्या भागात सोडत नाहीत, तिकीट काढून वरच्या सज्ज्यात जायचं (मी गेले तेव्हा माणशी 25 युरो). आणि वर जायला जिना नाही तर दगडी उतार आहे, वळत वळत वर जाणारा, फरश्या झिजून वरखाली झालेल्या. पायऱ्यांपेक्षा बरा म्हणावा की वाईट हे मला अजून ठरवता आलं नाही. सासरे हौसेने चढले, उतरताना भिंत धरून.

बसिलिका सिस्टर्न म्हणजे जमिनीखालचं पाण्याचं टाकं, 336 खांब, मंद दिवे, फार सुंदर, पण 52 पायऱ्या खाली.

ब्लू मॉस्क: फुकट, जवळजवळ सपाट, चपला काढायच्या, डोक्यावर ओढणी घ्यायची, आत मऊ गालिचा. नमाजाच्या वेळी पर्यटकांना बंद असतं म्हणून दुपारच्या आधी उरका. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी आतून बघायची एक इमारत हीच.

खाण्याचं विचारलं नाहीत पण सांगतेच, शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. मसूरची डाळ घोटून केलेलं सूप (मेरजिमेक चोरबासी) कुठेही मिळतं, वर लिंबू पिळायचं, पण मटणाचा स्टॉक नाही ना एवढं विचारून घ्या. गोझलेमे म्हणजे पातळ पोळीत चीज किंवा पालक भरून तव्यावर भाजलेलं. सिमित म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, गाडीवर मिळतं. आणि चहा, छोट्या कमरेत बारीक असलेल्या ग्लासात, बिनदुधाचा. आईंना दुधाचा लागत असेल तर मनाची तयारी करून न्या.

चुनेगच्ची

मैनाताई बाकी सगळं मान्य, पण माणूस इस्तंबूलला जाऊन आयासोफ्यात न जाता परत येतो हे मला वाचवत नाही. क्षमस्व, थोडं लांबण लावतो.

532 साली काम सुरू, 537 ला पूर्ण. जेमतेम सहा वर्षांत. जस्टिनियन बादशहाने हे काम दिलं कुणाला तर आन्थेमियस आणि इसिडोर यांना, आणि हे दोघे नुसते गवंडीकामातले नव्हते, भूमिती कोळून प्यालेले लोक होते. घुमट साधारण 31 मीटर रुंद, जमिनीपासून 55 मीटर वर, आणि त्याच्या बुडाशी 40 खिडक्या गोल ओळीने. उजेड त्या खिडक्यांमधून असा येतो की घुमट भिंतींवर टेकलाय असं वाटतच नाही. आता गंमत, पहिला घुमट 558 ला कोसळला, आधीच्या भूकंपांनी खिळखिळा झाला होता. मग आधीच्या इसिडोरच्या पुतण्याने तो जास्त उंच करून बांधला, म्हणजे भार बाजूला कमी आणि खाली जास्त जाईल असा, आणि तो 562 ला पुरा झाला. नंतरही तुकडे पडले, डागडुजी झाली, पण आज आपण वर मान करून बघतो तो मुळात त्या पुतण्याचा घुमट.

1453 पर्यंत चर्च, मग मशीद, 1935 पासून म्युझियम, 2020 ला परत मशीद. आणि वरच्या सज्ज्यात कठड्यावर कुणा व्हायकिंगने आपलं नाव कोरून ठेवलंय, हाल्फदान, एवढंच काय ते वाचता येतं. पहारा करता करता कंटाळला असेल बिचारा. किल्ल्यांवर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांचा खापरपणजोबा. हे तुम्ही सोडणार?

भटकी_मैना

चुनेगच्ची, तुमचा उत्साह मला आवडतो पण त्या उतारावर आईंचा हात धरायला तुम्ही जाणार आहात का? 🙂 आणि रांग? आमची सव्वा तास होती. साडेचारातले सव्वा तास रांगेत.

चुनेगच्ची

ठीक आहे, माघार. मग निदान हे ऐका, याला ना रांग ना तिकीट ना जिना. ब्लू मॉस्कच्या समोरचं लांबट मैदान आहे ना, ती रोमन लोकांची रथांच्या शर्यतींची जागा. तिथे उघड्यावर एक इजिप्तचा दगडी स्तंभ उभा आहे, तिसऱ्या थुटमोस राजाचा, वय साडेतीन हजार वर्षांच्या घरात, 390 साली थिओडोसियस बादशहाने तिथे उभा केला. त्यावरची चित्रलिपी काल कोरल्यासारखी दिसते. त्याच्या शेजारी खड्ड्यात एक पिळदार काशाचा खांब आहे, तीन साप एकमेकांना वेटोळे घातलेले, डोकी गेलीत. लोक त्याला कचरा समजून पुढे जातात. तो ग्रीसच्या डेल्फीच्या देवळातला, इराण्यांना 479 इसवीसनपूर्व साली हरवलं त्याच्या विजयाची खूण म्हणून ओतलेला. म्हणजे बाकावर बसून, सिमित खात, इजिप्त ग्रीस रोम आणि ऑटोमन (म्हणजे तुर्की सुलतान, ब्लू मॉस्कवाले), चौघांना एका नजरेत बघता येतं. आईंना बाकावर बसवा आणि हे सांगा.

खिडकीची_सीट

वा, हे बाकाचं फार आवडलं. आता शेवटचे बावळट प्रश्न: विमानतळावरून जायचं कसं, पैसे किती बदलू, आणि बोट म्हणजे ती पर्यटकांची क्रूझ घ्यायची का? आणि वॉशरूमचं काय, मैनाताईंच्या सासूबाईंचं वाचून आई आत्तापासून विचारतेय.

नकाशावाला

एकेक घेतो.

जायचं कसं: मेट्रो आहे, एम 11, झकास आणि वेगवान, ट्रॅफिकचा संबंध नाही, गायरेत्तेपेला अर्ध्या तासात नेते. पण तिथून गाडी बदलायला जमिनीखाली बरंच चालायचं, मग एम 2, मग उतरून परत ट्राम. एकटा असलात तर हेच करा. आईंसोबत जाताना विमानतळाची बस घ्या अक्सरायपर्यंत, तिथून टी 1 ट्राम, तीच सुलतानअहमतला जाते आणि तीच पुढे एमिनोनूला. येताना मात्र टॅक्सी, दमलेल्या असाल. मीटर चालू करायला लावा, 'फिक्स प्राइस' म्हणाला की पुढची टॅक्सी. आणि अडीच म्हणजे अडीच. पाऊस असेल तर दोन. पाऊस फारच असेल तर टॅक्सी सोडा आणि ट्राम-मेट्रोने या, गुडघे दुखले तरी विमान मिळेल.

बॅगा: अरायव्हल्सला लगेज ठेवायची जागा आहे, पाटीवर लिहिलेलं असतं 'एमानेत'. आपली अमानत तीच. तुर्की भाषेत असे शब्द पायाला अडखळतात, दुकानाला दुक्क्यान, साबणाला साबुन, मैदानाला मेयदान. आईंना सांगा, टाइमपास होतो.

पैसे: विमानतळावर फार बदलू नका, रेट वाईट असतो. एटीएममधून थोडे लिरा काढा आणि मशीनने 'तुमच्या देशाच्या चलनात हिशोब करू का' विचारलं तर नको म्हणा, त्यात त्यांचा रेट लागतो आणि खिशाला चाट बसते. मग एक इस्तंबूलकार्त घ्या, एकाच कार्डावर दोघी जाऊ शकता, दोनदा टेकवायचं. ट्राम, मेट्रो, बोट, सगळीकडे तेच.

बोट: क्रूझवाले एमिनोनूला हाका मारत असतात, त्यांच्याकडे बघू नका. शेजारीच शहराची रोजची फेरी सुटते, कादिकोय किंवा उस्कुदारला, म्हणजे युरोपातून आशियात, वीसेक मिनिटं, तिकीट बसच्या जवळपास. ऑफिसला जाणारी माणसं त्यात पेपर वाचत बसलेली असतात. आत ट्रे घेऊन चहावाला फिरतो. जाताना डावीकडे बसा, येताना बाहेरच्या बाकावर, कारण येताना समोर टोपकापी, आयासोफ्या आणि ब्लू मॉस्क ओळीने येतात. जो राजवाडा मंगळवारी बंद म्हणून तुम्हाला वाईट वाटलं तो बाहेरून तरी दिसेल. लोक सिमितचे तुकडे हवेत टाकतात आणि सीगल वरच्यावर झेलतात.

वॉशरूम: ट्रामच्या पाट्यांवर 'तुवालेत' शोधत बसू नका, मोठ्या मशिदींच्या बाजूला असतातच, काही ठिकाणी पैसे घेतात, सुटे ठेवा. बोटीतही असतं.

एक सावधगिरी. रस्त्यात बूटपॉलिशवाल्याच्या खोक्यातून ब्रश 'चुकून' पडतो, तुम्ही उचलून देता, तो आभार म्हणून तुमचे बूट पुसतो आणि मग पैसे मागतो. ब्रश पडू दे, चालत राहा. मी पहिल्या आठवड्यात दोनदा उचलला.

घरकोंबडा

दोनदा?

नकाशावाला

दुसऱ्यांदा वाटलं हा खरंच पडला.

खिडकीची_सीट

(महिन्याभराने)

आलो! वृत्तांत द्यायचा राहिला होता, जेट लॅग आणि घराची साफसफाई.

विमान वेळेवर उतरलं पण पासपोर्टची रांग लांबली, बाहेर पडलो तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि मी मनातल्या मनात मैदानावरची वीस मिनिटं कापून टाकली. बॅगा एमानेतमध्ये. आईला तो शब्द सांगितला आणि मग काय, दिवसभर पाट्या वाचायचा नाद लागला, 'मेयदान' तिने माझ्याआधी शोधलं. बसने अक्सराय, ट्रामने सुलतानअहमत, सव्वादहा.

मैनाताई, ब्लू मॉस्क केलं, पंधरा मिनिटांची रांग. आईने आत गालिच्यावर बसायला मिळतंय बघून भिंतीला पाठ टेकली ती वीस मिनिटं उठेना. मला वाटलं झोपली, तर म्हणाली "वरच्या टाइल्स मोजतेय." हजारोंनी आहेत गं म्हटलं, तर म्हणे "म्हणूनच वेळ लागतोय."

चुनेगच्ची, आयासोफ्यात गेलो नाही. रांग कोपऱ्यावरून वळली होती. बाहेरून बघितलं, पुतण्याची गोष्ट सांगितली, आई म्हणाली काकाचं पडलेलं पुतण्याने उभं केलं, हे आपल्याकडे उलटं असतं. बाकावर बसून सिमित खाल्लं, सापांचा खांब दाखवला. एक मांजर आली आणि सरळ आईच्या मांडीवर चढून बसली, त्यामुळे ऑटोमनांपर्यंत पोचायला बराच उशीर झाला. तिथल्या मांजरांबद्दल तुम्ही कुणी एक अक्षर बोलला नाहीत याचा निषेध.

बोट. कादिकोयला गेलो, आशिया खंडात पाय टेकवला, धक्क्यावरच सूप प्यायलो (विचारून, स्टॉक नव्हता), आणि पुढच्या फेरीने परत. एमिनोनूला उतरायची वेळ आली तर आई म्हणाली परत एकदा जाऊया की. घड्याळात 1:20. मी उलटं मोजलं. जमत होतं, उस्कुदारची जवळची घेतली तर. गेलो. मसाला बाजार धक्क्याला लागूनच होता तो त्यात गेला, जाऊ दे. दुसऱ्या फेरीत तिने चहा घेतला, बिनदुधाचा, काही बोलली नाही, पण पेला पुरा संपवला.

2:40 ला टॅक्सी, दहा मिनिटं उशीर, मीटर चालू केला बिचाऱ्याने न सांगता. सव्वा तास लागला. दारात 3:55. गेट अर्थातच सगळ्यात शेवटचं. आई विमान हलायच्या आधीच झोपली ती जेवणाचा ट्रे आला तरी उठली नाही, मी तिचंही खाल्लं.

आणि इस्तंबूलकार्तात अजून तीन-चार फेऱ्यांचे पैसे शिल्लक आहेत, कुणी जाणार असेल तर पोस्टाने पाठवते.

फुकटफौजदार

मी! पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.